खुडूक कोंबडी आणि शंभर थेंबांची बाटली

तळेऱ्याहून आम्ही बोलतोय. काकी, वयनी, सुना-लेकी, जिथे असाल तिथे हातातलं काम करत ऐका. काम थांबवू नका.

आज कोंबड्यांविषयी बोलायचं आहे, आणि त्यातही खुडूक कोंबडीविषयी. माघ सरत आला की वाडीवाडीत कोंबड्या रवणीला बसतात. त्यांची पिल्लं उतरतात तोवर शिमगा आलेला असतो. शिमग्याच्या मागून ऊन येतं आणि उन्हाबरोबर मानमोडी. म्हणून रवण आणि मानमोडी हे दोन विषय आम्ही वेगळे ठेवलेले नाहीत. ते वेगळे का नाहीत, ते पुढे कळेल.

खुडूक कोंबडी ओळखायला पुस्तक लागत नाही. काल परड्यात सगळ्यांबरोबर उकरत फिरणारी कोंबडी आज टोपलीतून उठत नाही. जवळ गेलं की अंग फुगवते, पिसं ताठ करते, घशातून खुडखुड आवाज काढते आणि हाताला चोच मारते. पोटाखालची पिसं गळालेली असतात, म्हणजे कातडीची ऊब सरळ अंड्याला लागते. दिवसातून एकदाच उतरते, घाईघाईने दोन दाणे टिपते, पाणी पिते, एकदाच मोठी विष्ठा टाकते, जमलं तर मातीत अंग घोळते आणि पंधरा-वीस मिनिटांत परत जागेवर. आमच्यातली एक काकी म्हणते, "बाळंतिणीचे नखरे परवडले, पण हिचे नाय." पण हिचे नखरे बघायला शाळेतून आलेली पोरं दप्तर टाकून आधी खुराड्याकडे पळतात, आणि काकीही त्यांच्या मागून जाते.

सगळ्याच कोंबड्या खुडूक होत नाहीत. आपली गावठी कोंबडी दहा-पंधरा अंडी घालते आणि बसते. वर्षाला तिची अंडी पन्नास-साठच्या आसपास. गिरिराज, वनराज या सुधारित जाती त्याच्या दुप्पट किंवा जास्त अंडी देतात, पण त्या सहसा बसत नाहीत. अंड्यांच्या कारखान्यातल्या पांढऱ्या कोंबड्या तर बसायचं पार विसरल्यात, कारण बसणाऱ्या कोंबड्या बाजूला काढत काढतच ती जात तयार केली आहे. बसलेली कोंबडी अंडी देत नाही, आणि कारखान्याला तेच नको असतं. म्हणून योजनेतून आलेल्या दहा पक्ष्यांवर परडं चालेल असं कुणाला वाटत असेल तर एवढं लक्षात ठेवा: ते पक्षी म्हातारे झाले की पुन्हा विकतच आणायचे. घाट चढून कोल्हापूरला सरकारचं मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे, तिथे किंवा तसल्याच ठिकाणी. आमचं मत असं की सुधारित कोंबड्या जरूर पाळाव्यात, पण दोन गावठी खुडूक होणाऱ्या बाया सोबत ठेवाव्यात. गिरिराजची अंडी त्यांच्याखाली घालता येतात. ती गावठी कोंबडी त्या धिप्पाड पिल्लांना आपलीच समजून वाढवते. कापसाच्या गोळ्याएवढी असतात तोवर ठीक, पुढे ती आईपेक्षा मोठी होतात आणि तरी तिच्या पंखाखाली डोकं खुपसतात. बघण्यासारखं असतं ते.

आता बसवायचं कसं. अंडी ताजी घ्या, थंडीत आठवड्याच्या आतली, उन्हाळ्यात चार-पाच दिवसांच्या वरची नकोत. फार मोठं नको, फार छोटं नको, चिरलेलं नको. अंडी धुऊ नका. अंड्यावर जे नैसर्गिक आवरण असतं ते धुतल्यावर जातं आणि घाण आत शिरते. साठवताना निमुळतं टोक खाली. शेणाच्या टोपलीला खाली राखेचा थर, त्यावर भाताचा पेंढा, पेंढ्यात निगडीचा नाहीतर कडुनिंबाचा पाला. राख आणि पाला उवांसाठी. एकवीस दिवस एका जागी बसलेल्या कोंबडीला उवा इतक्या होतात की कधीकधी ती त्या त्रासानेच रवण सोडून उठते, आणि आपण म्हणतो कोंबडी चंचल. ती चंचल नसते, तिला खाज सुटलेली असते.

किती अंडी? कोंबडीच्या अंगाखाली झाकली जातील तेवढी, दहा ते बारा. बाहेर राहिलेलं अंडं नुसतं फुकट जात नाही. कोंबडी अंडी फिरवत असते, आज बाहेरचं उद्या आत आणि आतलं बाहेर, म्हणजे जास्त भरली तर सगळीच आळीपाळीने गार पडतात. जुन्या बाया विषम आकडा धरतात, नऊ, अकरा, तेरा. अमावास्येला बसवत नाहीत. गडगडाटाने अंडी घाण होतात म्हणून टोपलीत लोखंडाचा खिळा आणि कोळसा ठेवतात. खिळ्याने अपाय नाही, ठेवायचा असेल तर ठेवा. वळवाच्या दिवसांत अंडी जास्त खराब होतात हे खरं, पण ते दमट गरम हवेने आणि अंडी जुनी असल्याने.

सातव्या-आठव्या रात्री अंडी बॅटरीवर धरून बघा. अंधाऱ्या खोलीत मोबाइलची बॅटरी पुरते. आत तांबड्या शिरांचं जाळं आणि मधे काळा ठिपका दिसला तर जीव धरलाय. स्वच्छ दिसलं तर ते पोकळ, काढून टाका. दोन कोंबड्या एकाच दिवशी बसवल्या असतील तर याचा मोठा फायदा होतो. दोघींकडची पोकळ अंडी काढली की उरलेली एकीखाली मावतात आणि दुसरी मोकळी होते. अठराव्या दिवसानंतर मात्र हात लावू नका. एकविसाव्या दिवशी आतून टकटक आणि चिवचिव ऐकू येते. कवच फोडायला मदत करण्याचा मोह होतो, पोरांना तर फारच. करू नका. अंड्यातल्या शिरांत अजून रक्त असतं, घाईने सोललं तर पिल्लू रक्त जाऊन मरतं. पिल्लाला कवच फोडायला अर्धा दिवस, कधी त्याहून जास्त लागतो.

एक गोष्ट जरा जोर देऊन सांगतो. अंडी काढायला, कोंबडी बघायला अंधारात टोपलीत हात घालू नका. आधी बॅटरी मारा. अंड्यांच्या आणि पिल्लांच्या वासाने नाग येतो, धामण येते. धामण बिनविषारी, पण अंधारात ती धामण की नाग हे कुणाला कळतं? खुराड्याची जाळी अर्ध्या इंचाची हवी, इंचभराच्या भोकातून साप आरामात आत येतो. आणि दंश झालाच तर गाठ मारत बसू नका, चिरा देऊ नका, कुणाकडे उतरवायला नेऊ नका. गाडी करा आणि सरळ रुग्णालयात जा, सापाच्या विषावरची लस तिथेच मिळते.

सगळ्याच खुडूक कोंबड्यांना बसवायचं असतं असं नाही. आषाढात बसली तर पिल्लं भर पावसात निघतात, आणि आपल्या जिल्ह्यात पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर. भिजलेलं पिल्लू संध्याकाळपर्यंत राहत नाही. ओल्या गादीवर रक्ती हगवण लागते ती वेगळीच. तेव्हा पावसातली खुडूक मोडावी. मोडायची कशी, यावर आमच्यात एकदा चांगलंच वाजलं. जुनी रीत अशी की तिच्याच पंखातलं पीस काढून नाकपुडीत आडवं खुपसायचं, नाहीतर विहिरीच्या पाण्यात बुचकळायची. आम्हाला हे दोन्ही मान्य नाही, आणि तसं आम्ही इथे उघड सांगतो. पीस खुपसलेली कोंबडी धड खात नाही, श्वासाला त्रास होतो, आणि मुळात गरज नाही. आंबे भरायचा प्लॅस्टिकचा क्रेट घ्या, दोन विटांवर ठेवा, आत कोंबडी, वर झाकण. आत गवत नको, पेंढा नको. दाणा-पाणी भरपूर. खालून वारा लागला की पोटाची ऊब उतरते. तीन-चार दिवसांत ती पुन्हा परड्यात उकरायला लागते, आणि दोन-तीन आठवड्यांत अंड्यावर येते. बसवली असती तर एकवीस दिवस रवणीचे आणि पुढे दोन-अडीच महिने पिल्लांमागे गेले असते. हिशेब दोन्ही बाजूंनी करावा. गावठी अंड्याला चांगला भाव आणि गिऱ्हाईक दारात असेल तर मोडावी. कोंबडे वाढवून शिमग्याला, जत्रेला विकायचे असतील तर बसवावी.

पिल्लं उतरल्यावर पहिले पंधरा दिवस खरी धाकधूक. घार वर फिरते. मुंगूस वईतून येतं. रात्री घूस, रानमांजर. पहिले दोन आठवडे आई आणि पिल्लं डालग्याखाली ठेवावीत आणि ऊन तापल्यावर थोडा वेळ सोडावीत, तेही माणूस जवळ असताना. बारीक कणी, नाचणी, उकडलेल्या अंड्याचा चुरा. आणि वाळवी. जुन्या मडक्यात ओलं शेण, गोणपाटाचे तुकडे, काड्या भरून वाळवीच्या जागी रात्रभर पालथं घाला. सकाळी मडकं उचललं की आत वाळवी भरलेली. पिल्लांसमोर झटका आणि मजा बघा. बाजारातल्या महाग खाद्याला हा चांगला जोड आहे, आणि फुकटातला. मोठ्या कोंबड्यांना कवच पातळ यायला लागलं तर तिसऱ्यांचे शिंपले भाजून, कुटून टाका. मालवण-देवगडच्या माहेरवाशिणी येताना आणतातच तिसऱ्या. खाऊन झाल्यावर शिंपले उकिरड्यावर टाकू नका.

आता मानमोडी. शहाण्या माणसाने नाव ऐकून दचकावं असा हा रोग. सरकारी कागदावर याला रानीखेत म्हणतात. रानीखेत हे हिमालयाच्या पायथ्याकडचं, आताच्या उत्तराखंडातलं थंड हवेचं गाव. १९२७-२८च्या सुमाराला तिथे हा रोग नोंदवला गेला म्हणून ते नाव चिकटलं. त्याच काळात इंग्लंडात न्यूकॅसलला सापडला, म्हणून बाकी जग त्याला न्यूकॅसल म्हणतं. आपण मान मोडते म्हणून मानमोडी म्हणतो. १९१८ साली माणसांत इन्फ्लुएंझाची साथ आली तिलाही आपल्याकडे मानमोडीच म्हणत, तेव्हा आजीच्या तोंडी हा शब्द आला तर कुठली मानमोडी ते विचारून घ्या.

कोंबडी पंख पाडून कोपऱ्यात बसते. चोच उघडून मान ताणून श्वास घेते. हिरवट-पांढरी पातळ हगवण. मग मान वळते, कोंबडी गोल फिरते, पडते. आज एक, उद्या तीन, आठवड्यात खुराडं रिकामं. हा विषाणूचा रोग आहे, त्यावर औषध नाही. कांदा, हळद, लसूण, माणसांच्या तापाच्या गोळ्या, कशानेही तो बरा होत नाही. लस हाच उपाय, आणि ती रोग यायच्या आधी.

लस महाग नाही. मग वाड्याच्या वाड्या रिकाम्या का होतात? घोडं अडतं ते बाटलीवर. ही लस बहुधा शंभर मात्रांच्या बाटलीत येते. ती बर्फात ठेवावी लागते, आणि एकदा पातळ केली की दोन तासांच्या आत संपवावी लागते. ज्या बाईकडे सात कोंबड्या आहेत तिने सात थेंब वापरायचे आणि त्र्याण्णव ओतून द्यायचे? त्यासाठी दवाखान्यापर्यंत रिक्षाचं भाडं भरायचं, थर्मासात बर्फ भरून आणायचा? ती नाही आणत. शेजारणीकडे पाच कोंबड्या, तीही नाही आणत. आणि मग एकीच्या दारात रोग आला की दोघींच्या जातात, कारण कोंबड्यांना वई कळत नाही.

म्हणून हे काम बचत गटाचं आहे, एकट्या घराचं नाही. समजा वीस घरं, घरटी पाच-सहा पक्षी, म्हणजे शंभर-सव्वाशे. एक-दोन बाटल्या पुरतात. उमेदच्या पशुसखी गावोगाव आहेत, त्यांना हे काम येतं. दिवस ठरवायचा, आदल्या रात्री कोंबड्या कोंडून ठेवायच्या, सकाळी ऊन चढायच्या आत घरोघर फिरून आटपायचं. नळाच्या क्लोरीनच्या पाण्यात लस कालवू नये, ती मरते. बाटलीबरोबरचं द्रावण वापरावं.

आता रवणीचा आणि लसीचा संबंध. पहिली लस, लासोटा, पिल्लू पाच ते सात दिवसांचं असताना डोळ्यात किंवा नाकात एक थेंब. पुढे आठव्या आठवड्यात टोचायची आर-टू-बी. आता एकीची पिल्लं आज निघाली, दुसरीची दहा दिवसांनी, तिसरीची महिन्याने, तर प्रत्येकीसाठी वेगळी बाटली कोण आणणार? पण वाडीतल्या खुडूक कोंबड्या एकाच आठवड्यात बसवल्या तर पिल्लं एकाच आठवड्यात निघतात, आणि एका बाटलीत सगळी वाडी होते. जमतं हे. कोंबडी आधी खुडूक झाली तर तिला खऱ्या अंड्यांवर लगेच बसवायचं नाही. तिच्याखाली दोन-तीन पांढरे गुळगुळीत गोटे नाहीतर पोरांचे पिंगपाँगचे चेंडू ठेवायचे. ती आठवडाभर त्यावर खुशाल बसते. तेवढ्यात शेजारणीची कोंबडी खुडूक होते. मग ठरल्या रात्री सगळ्यांनी गोटे काढून अंडी घालायची आणि तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायची. सगळ्याच कोंबड्या एका आठवड्यात वेळ साधत नाहीत, पण दहातल्या सहा-सात जमल्या तरी बाटली वाया जात नाही.

रोग येतो कुठून तेही बघा. सणासाठी, राखणीसाठी बाजारातून कोंबडा आणतो आणि दोन दिवस आपल्या कोंबड्यांत सोडतो. तसा सोडू नका, लांब बांधा. पाळायला आणलेला पक्षी पंधरा दिवस वेगळा ठेवा. कापलेल्या कोंबडीची पिसं आणि आतडी परड्यात फेकली की आपल्याच कोंबड्या ती ओढतात. खड्डा करून पुरा. मेलेली कोंबडी व्हाळात टाकणं हे तर खालच्या वाडीला रोग पाठवणंच आहे. आणि कोंबड्या मरायला लागल्या की उरलेल्या घाईने बाजारात नेऊन विकायच्या, हे सर्रास चालतं. चार पैसे सुटतात म्हणून बाई नेते, तिची अडचण आम्हाला कळते. पण ती कोंबडी दुसऱ्या कुणा बाईच्या खुराड्यात जाते.

बर्ड फ्लू वेगळा. आपल्या देशात तो पहिल्यांदा नोंदवला गेला तो आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला, फेब्रुवारी २००६ मध्ये. नंतर जानेवारी २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंब्याला. अशा वेळी ठरलेल्या अंतरातले सगळे पक्षी मारतात, मोठ्या शेडमधलेही आणि आपल्या परड्यातलेही. म्हणून बाया कोंबड्या लपवतात, माळ्यावर नेतात. लपवू नका. तो रोग माणसाला लागू शकतो आणि कोंबडी लपवलेल्या घरात लेकरं असतात. एकदम बरेच पक्षी मेले, कावळे मरून पडलेले दिसले, तर उघड्या हाताने उचलू नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. १९६२ हा जनावरांसाठीचा फुकट फोन क्रमांक आहे.

एवढी सगळी काळजी सांगितली म्हणजे कोंबडी पाळणं दुःखाचं काम आहे असं नाही. गाय-म्हैस घरच्या नावावर, आंबा-काजू घरच्या नावावर, पण कोंबडीचा पैसा बाईचा. पोराची वही, आपली चप्पल, गटाचा हप्ता, कुणाला न विचारता. मुंबईकर गणपती-शिमग्याला येतात, वड्यांबरोबर गावठीच हवी म्हणतात. त्यांना द्यावी, पण ज्या कोंबडीला पोरांनी नाव ठेवलंय ती सोडून. नाव ठेवलेली कोंबडी ताटात आली की पोरं उपाशी उठतात. आमच्या बऱ्याच घरांत आता असं ठरलंय की खुडूक बसणाऱ्या कोंबडीलाच नाव ठेवायचं, कोंबड्यांना नाही. म्हातारी झाली तरी ती कापत नाहीत.

आणि त्यांचा मान काही आजचा नाही. आचऱ्याची गावपळण तुम्हाला ठाऊक आहे, इकडे वैभववाडीकडे शिराळ्याचीही. देवाचा कौल झाला की माणसं गाव सोडून वेशीबाहेर राहतात आणि गुरं, कुत्री, कोंबड्या सगळं सोबत नेतात. डोक्यावरच्या डालग्यात कोंबड्या असतातच. आणखी जुनं नातं बघायचं तर घाटात पहाटे ओरडणारा रानकोंबडा ऐका. आपल्या कोंबड्यांचा मूळ वंश पूर्वेकडच्या तांबड्या रानकोंबड्याचा, पण पिवळे पाय ज्या गुणामुळे येतात तो गुण आपल्या सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याकडून आलाय, असं शास्त्रज्ञांनी २००८ साली दाखवलं. तेव्हा पिवळ्या पायाची कोंबडी दिसली की घाटातल्या नातेवाइकाची आठवण काढा. त्याला पकडायला मात्र जाऊ नका, तो गुन्हा आहे.

एक प्रश्न आमच्याकडे वारंवार येतो: आपली कोंबडी खुडूक नाही, अंडी आहेत, शेजारणीची कोंबडी खुडूक आहे पण तिच्याकडे अंडी नाहीत, तर काय? अंडी एकीची, रवण दुसरीची, पिल्लं अर्धी अर्धी. वाटणी पिल्लं निघाल्यावर लगेच करू नका, आईपासून तुटलेलं पिल्लू जगत नाही. दीड-दोन महिने जाऊ देत आणि उरलेली मोजून वाटा. घारीने नेली ती दोघींची गेली असं आधीच बोलून ठेवा. कोंबडीच न्यायची असेल तर रात्रीच न्या. दिवसा हलवली तर रवण मोडते. अंधार पडल्यावर टोपलीसकट उचला, वर फडकं टाका, नव्या जागी काळोखातच ठेवा आणि सकाळपर्यंत कुणी डोकावू नका. शेजारणीची टोपली मात्र नंतर परत द्या.